कोन आडवा पाय घालत नाही

पोरगा बारा वर्षांचा. सकाळी साडेसहाला फुटबॉलच्या मैदानावर आठ कोन, म्हणजे सरावाचे प्लास्टिकचे शंकू, एका रांगेत मांडले, की त्यांतून बॉल असा काढायचा की कठड्यावर बसलेले पालक चहाचा कप हातात धरून बघत राहायचे. उजव्या पायाचा आत, डाव्याचा बाहेर, पुन्हा उजवा. एक कोन हलायचा नाही. रविवारी मॅच लागली. मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, उभा केला. पहिला पास आला, पायाला लागून दोन मीटर पुढे उडाला, समोरच्याने नेला. दुसरा आला, तेच. तिसरा कसाबसा पायात राहिला, पण मान खाली. मागून कोण आलं आणि बॉल कधी गेला ते त्याला समजलंच नाही. हाफटाइमला पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आला. "सर, प्रॅक्टिसला होतंय ओ. मॅचलाच काय होतंय कळंना."

त्याला कळलं नाही, ते ठीक. मला कळायला हवं होतं. तीन महिने मी त्याला कोनांतून बॉल काढायला शिकवलं आणि तो तंतोतंत तेवढंच शिकला. कोन आडवा पाय घालत नाही. खांद्याने रेटत नाही, डावीकडे झुकल्याचं दाखवून उजवीकडे जात नाही, आणि आज जिथे आहे तिथेच उद्याही असतो. त्याच्याकडे बघायची गरजच नसते, बॉलकडे बघत राहिलं तरी भागतं. म्हणजे मान खाली घालून खेळायची सवय त्याला मीच लावली होती, तीही शाबासकी देऊन.

'टेक्निक' हा शब्द मैदानावर उठता-बसता ऐकू येतो. अमक्याचं टेक्निक चांगलं, तमक्या टीमचं कच्चं. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ पायात बॉल खेळवता येणं एवढाच असतो, आणि तो अर्धाच आहे. बॉल पायाने हवा तसा हलवता येणं हे तंत्र. कोणत्या क्षणी, कुठल्या दिशेला, किती जोराने हलवायचा हे ओळखून हलवणं हे कौशल्य. आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो, पहिलं शिकवतो आणि दुसरं आपोआप येईल म्हणून वाट बघत बसतो.

हे समजावून सांगायला कोल्हापुरात लांब जावं लागत नाही. इथल्या नावाजलेल्या संघांची नावंच बघा की: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर गर्दी खेचणाऱ्या या संघांच्या नावातच कुस्तीचा आखाडा आहे. जुन्या तालमीत मल्लखांब असायचा. त्याने अंग लवचिक होतं, पकड घट्ट होते, तोल येतो. पण नुसत्या मल्लखांबावर कोणी पैलवान झालेला ऐकलाय? डाव शिकायला समोर जोड लागते. ढाक लावायची तर समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आलंय ते अंगाला कळावं लागतं, आणि खांब काही वजन बदलत नाही. कोन हा फुटबॉलचा मल्लखांब. त्याला त्याची जागा आहे, फक्त वस्तादाने त्यालाच कुस्ती समजू नये.

यामागचं शास्त्र जुनं आहे. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नश्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हाताची हालचाल फोटोंच्या मालिकेतून मोजली. मुरलेल्या कामगाराचा हात दर वेळी एकाच वाटेने जात असणार, असं कुणालाही वाटेल. निघालं वेगळंच. हातोडा अचूक त्याच जागी पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर खेपेला थोडी निराळी वाट धरत होते. एका सांध्याची कसर दुसरा सांधा जागच्या जागी भरून काढत होता. म्हणजे हात बसतो तो एका ठरावीक हालचालीवर बसत नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवण्यावर बसतो. आपल्याकडच्या लोहाराला हे कुणी सांगायची गरज नाही. कोचला मात्र सांगावं लागतं, कारण कोचला रांगेत एकसारखी हलणारी पोरं बघायला आवडतात. मलाही आवडायची.

पहिला टच

सगळं तंत्र एका लेखात मावणार नाही, म्हणून एकच गोष्ट जवळून बघू: आलेला पास घेणं. मैदानावर त्याला पहिला टच म्हणतात. ड्रिबल (बॉल पायात खेळवत नेणं), पास, शॉट हे सगळं त्याच्या नंतर येतं, आणि तोच बिघडला तर येतच नाही.

पाच नंबरच्या, म्हणजे मोठ्यांच्या, बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे उंची साधारण २२. त्याचा मध्य जमिनीपासून ११ सेंटिमीटरवर. नवखा पोरगा काय करतो, तर बूट जमिनीला टेकवून पाय आडवा धरतो. बॉल बुटाच्या खालच्या कडेवर आपटतो आणि पायावर चढून वर उडतो. तोच पाय जमिनीपासून थोडा उचलून, आतली बाजू बॉलच्या मध्याला किंवा त्याच्या किंचित वर लागेल अशी धरली, की बॉल जमिनीकडे दाबला जातो आणि तिथेच राहतो. एवढासा फरक, पण 'नीट घे की रे' म्हणून शंभर वेळा ओरडण्यापेक्षा हा एक मुद्दा दाखवलेला बरा.

दुसरी गोष्ट मऊपणाची. क्रिकेटमध्ये कॅच घेताना हात थोडे मागे नेतात, तेच पायाचं. बॉल लागतो त्या क्षणी पाय सैल असेल, किंचित मागे सरकला, तर बॉलचा जोर पायात जिरतो. पाय लाकडासारखा ताठ असेल तर बॉल भिंतीवरून यावा तसा परत जातो. घाबरलेल्या पोराचा पाय ताठ असतो. म्हणून चूक केल्यावर ज्याच्यावर ओरडा बसतो, त्याचा पुढचा टच आणखी वाईट येतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता ओरडायचं म्हटलं तरी जीभ अडखळते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती पायात नाही. पंधरा मीटरवरून सेकंदाला १० मीटर वेगाने पास आला, तर तो पोचायला दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात खेळाडूला ठरवायचं असतं: माझ्या मागे कोण आहे, कुठली बाजू मोकळी आहे, बॉल थांबवायचा की पहिल्याच टचला तिकडे वळवायचा. दीड सेकंद बॉलकडेच टक लावून गेला तर बॉल पायात येतो तेव्हा उत्तर तयार नसतं. मग तो बॉल थांबवतो, मान वर करतो, आणि तोवर समोरचा येऊन ठेपलेला असतो. नॉर्वेचे संशोधक गेइर यूर्दे यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांच्या व्हिडिओंवरून हेच मोजलं: बॉल येण्याआधी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो. जे जास्त वेळा बघतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त वेळा पोचतात. पहिला टच चांगला असणं म्हणजे बऱ्याच अंशी आधी बघून ठेवलेलं असणं.

आणि बघितल्यावर उभं कसं राहायचं, हेही त्यातच आलं. पास देणाऱ्याकडे छाती करून उभा राहिलेला खेळाडू आलेला बॉल फक्त माघारी देऊ शकतो. तोच अर्धा वळून, एक खांदा पास देणाऱ्याकडे आणि दुसरा पुढच्या गोलकडे असा उभा राहिला, आणि लांबच्या पायाने बॉल घेतला, तर एकाच टचमध्ये त्याचं तोंड पुढे होतं. कोल्हापुरातली पोरं याला सरळ 'उघडा राहा' म्हणतात. माझ्या मते कोचिंगच्या पुस्तकात यापेक्षा चांगला शब्द नाही.

आता आमची अडचण सांगतो. टीव्हीवर दिसतं ते गवत गालिच्यासारखं असतं. इथे उन्हाळ्यात मैदान पाटासारखं कडक, पावसाळ्यात चिखल, आणि मधल्या काळात खड्डे. बॉल शेवटच्या मीटरवर उसळतो. पोरं म्हणतात, "बॉल उसळला ओ, मी काय करू?" खरं आहे. पण अशा मैदानावर वाढलेल्याला शेवटच्या क्षणी पाय हलवून घ्यायची सवयही लागते, हातोड्याच्या त्या कामगारासारखी. गुळगुळीत टर्फवर महिन्याला पैसे भरून शिकलेला पोरगा आमच्या मैदानावर आला, की पहिले आठ दिवस त्याचे पाय चुकतात. उलट दिशेनेही चुकतात म्हणा: आमचा पोरगा टर्फवर गेला की बॉल इतका वेगाने येतो, की त्याची तारांबळ उडते. दोन्हीकडे खेळायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

रांगेचा हिशेब

एक साधं गणित करून बघा. वीस पोरं, एक रांग, एकाचा डाव १० सेकंदांचा. म्हणजे एकदा बॉल मिळाला की पुढचे १९० सेकंद उभं राहायचं. पंधरा मिनिटांच्या सरावात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेचार वेळा बॉल येतो, एकूण ४५ सेकंद. बाकीचा वेळ पुढच्याच्या पायावर पाय देण्यात आणि मागच्याला टपली मारण्यात. त्यात पोरांची चूक नाही.

मोठी मॅच खेळवली तर? ९० मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल प्रत्यक्ष खेळात असतो तासभराच्या आसपास. बावीस जणांत वाटला तर प्रत्येकाला सरासरी पावणेतीन मिनिटंही येत नाहीत. आणि आठ वर्षांच्या पोरांना पूर्ण मैदानावर सोडलं तर ही वाटणी सरासरीने होतच नाही. दोन आडदांड पोरं बॉल घेऊन पळतात, लेफ्ट बॅकला उभा केलेला बिचारा गवत उपटत बसतो.

म्हणूनच जगभर लहान मुलांचा खेळ लहान केला गेला. इंग्लंडमध्ये २०१२ साली ठरलं, की सात-आठ वर्षांखालच्या गटांनी पाच-पाचचं खेळायचं, नऊ-दहावाल्यांनी सात-सातचं, अकरा-बारावाल्यांनी नऊ-नऊचं, आणि अकरा-अकराचा खेळ त्यानंतर. जर्मनी आणखी पुढे गेली: २०२४-२५ च्या हंगामापासून तिथे सगळ्यांत लहान गटांना दोन-दोन किंवा तीन-तीनच्या संघांत, चार छोटे गोल लावून खेळवणं बंधनकारक झालं. चार गोल कशाला, तर एका गोलसमोर गर्दी झाली की पोराला मान वर करून दुसरा गोल शोधावा लागतो. बघायला शिकवायचं तर असं. "वर बघ, वर बघ" म्हणून घसा कोरडा करण्यापेक्षा वर बघितल्याशिवाय खेळताच येणार नाही असा खेळ मांडायचा.

बॉलचंही तेच. तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर हे आकार उगाच नाहीत. मोठ्यांचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा. आठ वर्षांच्या पोराला तो दिला तर तो बॉल मारत नाही, ढकलतो, आणि ढकलायची सवय पुढे चौदाव्या वर्षी मोडता मोडत नाही. गोलसुद्धा: ७ मीटर ३२ सेंटिमीटर रुंद, २ मीटर ४४ सेंटिमीटर उंच. त्यात नऊ वर्षांचा गोलकीपर उभा केला की कुणीही उचलून बॉल मारला तरी गोल होतो. मग पोरं दुसरं काही शिकतील कशाला?

दक्षिण अमेरिकेतून आलेल्या फुटसालचा फायदा हाच आहे. ४० बाय २० मीटरचं कोर्ट, पाच-पाच खेळाडू, कमी उसळणारा छोटा बॉल. जागाच नसल्याने प्रत्येक टचला किंमत येते. आपल्याकडे पावसाळ्यात मैदान बंद पडतं, तेव्हा शाळेचा हॉल किंवा बास्केटबॉलचं कोर्ट मिळालं तर ते चार महिने वाया जात नाहीत. मैदान नाही म्हणून सुट्टी देणाऱ्या कोचचं मला नवल वाटतं.

मग घोकंपट्टी करायचीच नाही का?

करायची. हॉलंडचे कोच वील कूर्फर, ज्यांनी १९७४ साली फेयेनोर्ड क्लबला युएफा कप जिंकून दिला, त्यांनी मोठमोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा बघून त्यांच्या चाली सुट्या केल्या आणि त्या मुलांना शिकवायची पद्धत बसवली. बॉल तळव्याखाली ओढणं, आतून-बाहेरून वळवणं, झुकांडी देणं. पायाला बॉलची ओळख करून द्यायला हे उत्तम, आणि त्याला कोच लागत नाही. घरामागची भिंत पुरते. भिंत कंटाळत नाही, रागावत नाही, आणि जसा पास द्याल तसाच परत करते. रोज पंधरा मिनिटं, निम्मा वेळ डाव्या पायाने. मी पोरांना हे घरचा अभ्यास म्हणून देतो. आठवड्यातून तीनदा मिळणारे दीड तास मात्र मला घरी न मिळणाऱ्या गोष्टीसाठी हवे असतात: समोर आडवा येणारा दुसरा पोरगा.

सराव मांडायचा कसा, याबद्दल एक गमतीची गोष्ट बॅडमिंटनमधून येते. १९८६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. शिकाऊ खेळाडूंना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवायच्या होत्या. काहींनी आधी एक प्रकार पुरा घोटला, मग दुसरा, मग तिसरा. काहींनी तिन्ही आलटून-पालटून, कुठलीही कधीही. नंतर चाचणी घेतली, तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांना जास्त चांगलं येत होतं, आणि कोर्टची बाजू बदलल्यावरही ते टिकलं. अशा सरावाची एक अडचण असते: चालू असताना तो गबाळा दिसतो. चुका जास्त होतात, कठड्यावरच्या पालकांना वाटतं सर काही शिकवतच नाहीत. वीस वेळा एकाच जागेवरून एकच पास मारणारी पोरं मात्र छान दिसतात, आणि शनिवारपर्यंत विसरलेली असतात.

बोलायचं काय, हाही प्रश्नच. हालचाली कशा शिकल्या जातात यावर काम करणाऱ्या संशोधक गाब्रिएले वुल्फ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून याच प्रश्नावर अभ्यास केला. शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवाकडे वळवलं तर हालचाल अडखळते. त्या हालचालीने बाहेर काय घडायला हवं तिकडे वळवलं तर ती सुटसुटीत होते. म्हणून "घोटा घट्ट धर, गुडघा बॉलवर आण, अंग पुढे झुकव" ही त्रिसूत्री सांगितली, की पोरगा शॉट मारायच्या ऐवजी स्वतःचे सांधे मोजत बसतो. "बॉल गोलकीपरच्या गुडघ्याखालून गेला पाहिजे" म्हणा. अंग आपोआप झुकतं. बॉल घेताना मी म्हणतो, "अंडं आलंय असं समज." फुटलं की सगळे हसतात, आणि पुढचा टच मऊ येतो.

वय

दहा ते तेरा ही वर्षं सोन्याची, असं सगळेच सांगतात आणि ते बरंचसं खरं आहे. मी वेगळ्याच वर्षांबद्दल बोलणार आहे, कारण तिथे पोरं गळतात.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटरही. पाय आधी लांब होतात, धड मागून येतं. काल ज्या अंतरावर बॉल बरोबर पायात यायचा, तिथे आज पाय आधीच पोचलेला असतो. पोरगा धडपडतो. गुडघ्याच्या खाली दुखतं. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला. आई-बापांना वाटतं याचं लक्ष उडालं, मोबाईल वाढलाय. कोचला वाटतं माज आलाय. आणि पोराला वाटतं, मला येत होतं ते गेलं. त्या वर्षात उड्या आणि धावणं कमी करून पुन्हा सोप्या गोष्टींकडे, छोट्या चौकोनाकडे न्यायचं, आणि त्याला स्पष्ट सांगायचं: तुझं काही गेलेलं नाही, तुझे पाय बदललेत, त्यांच्याशी नव्याने ओळख कर.

याची दुसरी बाजू. तेराव्या वर्षीच मिशी फुटलेला पोरगा जोरावर सगळ्यांना मागे टाकतो, निवडीत पहिला येतो, आणि त्याला तंत्राची गरजच पडत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे उंचीला त्याच्या बरोबर येतात, तेव्हा याच्याकडे काही उरत नाही. बुटका राहिलेला पोरगा जगायला म्हणून मान वर करून, लवकर पास देऊन, अंग आडवं घालून खेळायला शिकतो, पण त्याला तेराव्या वर्षीच घरी पाठवलेलं असतं. २०१७ साली कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून दर दुसरा पालक विचारतो, "आमचा होईल का तसा?" बारा वर्षांच्या पोराकडे बघून हे सांगता येतं असं म्हणणाऱ्या कोचपासून चार हात लांब राहा.

हेडिंगबद्दल, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याबद्दल, थोडक्यात. ग्लासगोत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साडेतीन पट निघालं. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग २०१५ मध्येच बंद केलं होतं. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. लहान गटात मी ते शिकवत नाही. कुणी "मग उंच बॉलला काय करायचं?" विचारलं तर उत्तर सोपं आहे: लहान मैदानावर उंच बॉल येतोच कशाला?

सिनिअर

संध्याकाळी गट बदलतो. शिरोली एमआयडीसीत पहिली शिफ्ट करून आलेला, एकोणतीस वर्षांचा सेंटर बॅक (गोलसमोरचा मधला बचावपटू) बुटाची लेस बांधता बांधता म्हणतो, "सर, आता या वयात काय टेक्निक शिकायचं ओ? जे हाय ते हाय."

त्याला मी गोलकीपरांची गोष्ट सांगतो. १९९२ पर्यंत आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपर हातात उचलू शकत होता. त्या वर्षी नियम बदलला. एका रात्रीत जगभरच्या गोलकीपरांना, त्यातल्या पस्तिशीच्याही, पायाने बॉल घ्यायला आणि मारायला शिकावं लागलं. पहिल्या हंगामात कित्येकांची फजिती झाली. पण शिकले, कारण खेळाने दुसरा रस्ता ठेवला नाही. २०१९ मध्ये गोलकिकचा, म्हणजे स्वतःच्या गोलसमोरून बॉल पुन्हा खेळात आणायच्या किकचा, नियम बदलला. आता बॉल पेनल्टी एरियाबाहेर जायच्या आधीच सहकाऱ्याला घेता येतो. म्हणजे सेंटर बॅकला स्वतःच्या गोलपासून दहा मीटरवर, समोरून स्ट्रायकर धावून येत असताना पहिला टच घ्यायचाय. वीस वर्षांपूर्वी त्याने तो बॉल नुसता उडवला असता.

मोठ्यांना शिकवताना फरक तीन-चार ठिकाणी पडतो. लहान पोराचं मडकं ओलं असतं, मोठ्याचं भाजलेलं. त्याची एखादी लकब विचित्र दिसत असली तरी काम देत असेल, तर तिला हात लावायचा नाही, ऐन हंगामात तर नाहीच. बदल करायला घेतला की आधी खेळ बिघडतो, मग सुधारतो, आणि मधले ते पाच-सहा आठवडे नॉकआउटच्या तोंडावर कुणाला परवडत नाहीत. म्हणून एकाला एकच गोष्ट, तीही त्याच्या जागेवर लागणारी. लेफ्ट विंगला खेळणाऱ्याने पळत येऊन क्रॉस टाकायला शिकावं. त्याला सेंटर बॅकसारखे लांब पास घोटायला लावून उपयोग नाही.

त्या सेंटर बॅकची गोष्ट अशी होती, की डावीकडून आलेला प्रत्येक बॉल तो उजव्या पायावर घ्यायचा. त्यासाठी पूर्ण फिरायचा, आणि समोरच्या स्ट्रायकरांना हे पाठ झालं होतं. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या धाकट्या भावाला कठड्यावर बसवून मोबाईलवर दोन मॅचचं शूटिंग करून घेतलं आणि फक्त त्याचे टच एकामागून एक दाखवले. सहावा टच बघताना तोच म्हणाला, "च्यायला, मी दरवेळी फिरतोय की."

मग ट्रेनिंग संपल्यावर दहा मिनिटं. आठ मीटरवरून पास, मागे एक पोरगा उभा. तो शेवटच्या क्षणी डावीकडून किंवा उजवीकडून येणार. बॉल निघायच्या आधी मान वळवून बघायचं आणि त्याच्या उलट्या बाजूला टच घ्यायचा. निम्म्या वेळा तो टच डाव्या पायावरच येतो, त्याला इलाज नाही. वीस-बावीस बॉल झाले की बंद. आठ तास भट्टीसमोर उभं राहून आलेल्या माणसाचे पाय थकतात, आणि थकल्या पायाने घोटलेली चूकही पक्कीच बसते. वॉर्मअपसाठी फिफाचा '११ प्लस' व्यायाम आहे, वीस मिनिटांचा. गुडघे वाचतात. सिनिअर तो टाळायला बघतात, मी ऐकत नाही.

सिनिअरांचा आवडता खेळ रोंडो. चौकोनावर चौघं, मध्ये दोघं, बॉल फिरवत ठेवायचा. ज्याच्याकडून जाईल तो मध्ये. बार्सिलोनाच्या सरावातून तो जगभर पसरला आणि आता कुठल्याही मैदानावर मॅचआधी दिसतो. पण आमच्याकडे बऱ्याचदा तो हसण्या-खिदळण्याचा होतो, कारण चौकोन मोजलेलाच नसतो. दहा मीटरचा असेल तर सिनिअरांना झोपेतही जमतं. आठचा करा, लगेच पास चुकायला लागतात. सातचा केला तर काहीच जमत नाही आणि भांडणं होतात. कोचचं खरं काम या एका मीटरमध्ये असतं. दहातले सात पास पोचतात आणि तीन जातात, असा चौकोन मला बरा वाटतो. आणि 'वन टच'ची, म्हणजे एकाच टचमध्ये बॉल पुढे द्यायची, सक्ती सारखी नको. बॉल धरून ठेवायचा कधी, हेही ठरवता आलं पाहिजे. लहान पोरांना तर ती सक्ती मी लावतच नाही. ज्याला बॉल पायात ठेवायलाच कधी मिळाला नाही, तो ड्रिबल कुठून करणार?

सेंटर बॅकला किती फरक पडला? चौथ्या आठवड्यातल्या मॅचमध्ये त्याने दोनदा डाव्या पायावर बॉल घेतला. एकदा बरोबर निघाला, एकदा थ्रो गेला. कठड्यावरून नेहमीचा आवाज आला, "उडव की रे, नाटकं कशाला!" त्याने तिसऱ्यांदाही तसाच घेतला.

आणि तो बारा वर्षांचा पोरगा आता साडेतेराचा आहे. पाय लांब झालेत, धडपडतोय. कोन मी गोळा करून पोत्यात भरलेत, चौकोनाचे कोपरे दाखवण्यापुरते चार बाहेर ठेवतो. काल तीन-तीनच्या खेळात त्याचा पास येण्याआधी मान एकदा मागे वळली. टच मात्र लांब गेला. चौकोन बारा मीटरचा होता. उद्या तेराचा करून बघतो.